धूर गेला, खिडकी आली

ऑस्लोच्या बिग्दोय भागात 'नॉर्स्क फोल्केम्यूसेउम' नावाचं मोठं उघड्यावरचं संग्रहालय आहे. हान्स ओल यांनी ते १८९४ साली सुरू केलं. गावोगावची जुनी घरं सोडवून, ओंडक्यांवर आकडे घालून इथे आणली आणि पुन्हा रचली. त्यात नूमेदाल खोऱ्यातून आलेलं राउलान्स्तुआ नावाचं एक बुटकं घर आहे. लाकडातल्या वर्षवलयांवरून त्याचा काळ १२३८ च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे देवगिरीवर सिंघण यादव राज्य करत होता तेव्हाचं हे घर. त्याच्या दाराच्या चौकटीवर रून लिपीत कारागिराचं नाव कोरलेलं आहे: तोर्गाउत फिविल. नाव कोरायला त्याने भिंत निवडली नाही, आढं निवडलं नाही, दार निवडलं. मला हे फार पटतं. ओंडक्यावर ओंडका रचून भिंत उभी करायला ताकद आणि सराव लागतो. त्या भिंतीत भोक ठेवायचं आणि तरीही ती भिंत जागची हलू द्यायची नाही, याला मात्र डोकं लागतं.

मी मूळची बार्शीकडची. इथे लिलहामरच्या आसपास जुन्या शेतघरांची मोजमापं घेऊन नकाशे काढते, हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोक मला विचारतात, हे घर किती जुनं? मी उलट विचारते, कुठली खिडकी?

आपल्या वाड्यांत भार खांबांवर आणि तुळयांवर असतो. मधली भिंत म्हणजे भरण. ती पाडा, तीत कोनाडा करा, खिडकी करा, वाडा त्याची फारशी दखल घेत नाही. नॉर्वेतल्या 'लाफ्ट' पद्धतीच्या घरात खांब नसतोच. पाइनचे ओंडके आडवे, एकावर एक, आणि कोपऱ्यांत एकमेकांच्या खाचांत अडकवलेले. वरच्या ओंडक्याच्या पोटाला खालच्याच्या पाठीप्रमाणे पन्हळ काढायची, मध्ये शेवाळ किंवा लोकर भरायची, ठिकठिकाणी लाकडी खुंट्या ठोकायच्या. भिंत हाच सांगाडा. प्रत्येक ओंडका एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि दोन्हीकडे धरलेला असतो म्हणून भिंत सरळ राहते.

आता त्याच्या मध्यावर करवत चालवा. एकाचे दोन झाले, आणि दोघांचंही एक टोक मोकळं. एक मीटर उंचीची खिडकी म्हणजे चार-पाच ओंडके, म्हणजे आठ-दहा मोकळी टोकं. ती टोकं वाकतात, पिळतात, बाहेर फुगतात. म्हणून जुन्या घरांचं दार ठेंगणं आणि उंबरठा गुडघ्याला लागेल इतका उंच. पाहुणा वाकून आत यावा, शत्रू आला तर त्याची मान आपसूक खाली जावी, अशी कारणं मार्गदर्शक हौसेने सांगतात. असेलही तसं. पण तळाचा ओंडका कापायचा नाही, वरचा बांधणारा ओंडका कापायचा नाही, आणि मधले शक्य तितके कमी कापायचे, एवढा हिशेब मांडला तर दार तेवढंच होतं. थंडी अडते हा वरचा फायदा.

रशियाच्या उत्तरेकडे याहून चतुर तोडगा होता. खालच्या ओंडक्याचा वरचा अर्धा भाग आणि वरच्याचा खालचा अर्धा भाग तासून एक आडवं भोक करायचं आणि आतून सरकती फळी लावायची. एकही ओंडका पुरता तुटत नाही, त्यामुळे चौकटही लागत नाही. नॉर्वेतले सगळ्यात जुने झरोके याच जातीचे. हात बाहेर जाईल, डोकं जाणार नाही, एवढेच.

मग घरात उजेड यायचा कुठून? वरून. मध्ययुगातलं इथलं शेतघर म्हणजे 'ओरेस्तुए': जमिनीच्या मधोमध दगडी चूल, वर माळा नाही, थेट छप्पर, आणि छपरात एक भोक. त्या भोकाला 'ल्योरे' म्हणतात. आमच्याकडच्या माळवदाच्या घरांत साणं असतं, तेच हे. धूर त्यातून वर, उजेड त्यातून खाली. पाऊस आला की त्यावर एक चौकट ओढायची. तिच्यावर गुराच्या पोटातला पातळ पडदा ताणून बसवलेला असे, त्यातून पिवळसर उजेड झिरपे. चौकट खालून हलवायला एक लांब दांडा लोंबत असायचा. मागणी घालायला आलेला माणूस आत शिरला की आधी तो दांडा धरायचा असं सांगतात. पाहुणा गप्पा मारायला नाही, कामाचं बोलायला आलाय, हे घरच्यांनी समजून घ्यायचं.

ही रचना शेकडो वर्षं टिकली, कारण ती आतून पूर्ण होती. छपराला भोक आहे म्हणून माळा घालता येत नाही. माळा नाही म्हणून दुसरा मजला नाही. उजेड वरून येतोय म्हणून भिंती कापायचं कारण नाही. बदल खिडकीच्या हौसेने झाला नाही, तो चुलीपासून सुरू झाला. सतराव्या शतकात पूर्वेकडच्या खोऱ्यांत चूल मधून उठून कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर दगडी धुराडं आलं. धुराला स्वतःची वाट मिळाल्यावर छपरातलं भोक बुजलं, त्याखाली सपाट फळ्यांचा माळा आला. आणि घर काळोखात बुडालं. आता भिंत कापल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आइलर्ट सुन्ट या अभ्यासकाने १८६२ साली नॉर्वेच्या ग्रामीण बांधकामावर पुस्तक लिहिलं. देश पायाखाली घालून, शेतकऱ्यांशी बोलून केलेलं काम. घराच्या आकाराचं मूळ त्याने चुलीत आणि रोजच्या गरजांत शोधलं. तो लिहीत होता तेव्हाही सेतेस्दालच्या खोऱ्यात आणि पश्चिम किनाऱ्याकडे धुराडं नसलेली घरं वापरात होती. तेव्हा 'नॉर्वेत खिडकी कधी आली' या प्रश्नाला एक साल देता येत नाही. एकाच राज्यात एका खोऱ्यात नातवाला काचेच्या खिडक्या असतील, तर डोंगरापलीकडे त्याच्या वयाचा माणूस अजून छपरातल्या भोकाखाली बसलेला.

काचेचं म्हणाल तर ती शेतकऱ्याच्या आवाक्यात यायला अठरावं शतक उजाडलं. नोस्तेतांगेनला १७४१ साली देशातला पहिला काचकारखाना निघाला, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत हुर्दाल आणि बिरीच्या भट्ट्यांमधून खिडकीची काच येऊ लागली. बिरी माझ्या घरापासून फार लांब नाही, म्योसा सरोवराच्या काठावर. तेव्हाची काच फुंकून केलेली, त्यामुळे तुकडे लहान. खिडकीचं माप या तुकड्यांवरून ठरे: दोन तुकडे रुंद, तीन किंवा चार उंच. सुतार तो आकडा घेऊन भिंतीपाशी यायचा आणि कुठले ओंडके कापावे लागतील ते मोजायचा.

उभ्या भिंतीत भोक कसं पाडतात ते मी एका वयस्कर सुताराबरोबर काम करताना पाहिलं. इथे मोठ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, मला मात्र अजून ते जड जातं. ते एकच गोष्ट घोकून घेत: आधी बांधायचं, मग कापायचं. ठरवलेल्या भोकाच्या दोन्ही अंगांना आतून एक, बाहेरून एक अशा उभ्या तुळया लावायच्या आणि आरपार बोल्ट घालून त्या भिंतीवर आवळायच्या, म्हणजे कापल्यावर टोकं उसळणार नाहीत. मग भोकाच्या कोपऱ्यांत गिरमिटाने छिद्रं पाडून करवतीला तोंड करून द्यायचं. करवत सर्रास झाली नव्हती तेव्हा हेच काम कुऱ्हाडीने चालायचं. कापलेले तुकडे वरून खाली एकेक काढायचे. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक मोकळ्या टोकाला पटाशीने जीभ काढायची आणि सगळ्या जिभांवर मिळून एक उभा, खोबणीचा खांब सरकवायचा. दोन बाजूंना दोन खांब. याला इथे 'बाइत्शी' म्हणतात. मोकळी टोकं आता एका रेषेत धरली गेली. पण खिळा मारायचा नाही, एकही नाही.

कारण ओंडका सुकताना लांबीला जवळजवळ आखडत नाही, जाडीला आखडतो. नवी भिंत मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर खाली बसते. दोन माणसं उंचीच्या भिंतीला हे अर्धी वीत तरी होतं. खांब मात्र उभा, म्हणजे त्याची लांबी तीच राहते. तो भोकाइतका उंच ठेवला तर वरची सगळी भिंत त्या दोन खांबांवर लटकते आणि बाजूच्या ओंडक्यांमध्ये फटी पडतात. उणे चाळिसाच्या हवेत त्या फटींतून काय येतं ते सांगायला नको. रोरोस या तांब्याच्या खाणींच्या गावात १९१४ साली पारा उणे पन्नासच्या खाली गेला होता, आणि ते सबंध गाव ओंडक्यांच्या घरांचं आहे. तर खांब आखूड ठेवायचा, वर मोकळी जागा सोडायची, तीत लोकर नाहीतर शेवाळ सैल भरायचं आणि पुढे फळी लावून ते झाकायचं. बाहेरून पाहणाऱ्याला चौकटीवरची नक्षीदार पट्टी दिसते. ती पोकळी झाकण्यासाठी आहे, नक्षी मागाहून आली.

एवढं कळलं की जुनी भिंत वाचता येते. गुडब्रान्सदालमधल्या एका शेतघराची दक्षिणेची भिंत मी मोजली तेव्हा बाहेरच्या फळ्या दुरुस्तीसाठी काढलेल्या होत्या. ओंडके आतून काळे कुळकुळीत, काजळीचा थर नखाने निघेल असा. म्हणजे घर धुराड्याच्या आधीचं. दाराच्या डावीकडे दोन काचा रुंदीची खिडकी. तिच्या चौकटीची पट्टी सोडवून ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांवर बॅटरीचा झोत टाकला, तर ती टोकं मधासारख्या रंगाची, स्वच्छ. काजळी ओंडक्याच्या आतल्या अंगावर होती आणि कापाच्या कडेपाशी रेघ मारल्यासारखी थांबली होती. मग कुठलाही कागद नको: धूर बंद झाल्यानंतरच ही खिडकी कापली. टोकांवर करवतीच्या रेषा होत्या आणि एका जागी लाकडी खुंटी उभी अर्धी चिरली गेली होती. ओंडके रचणाऱ्याने खुंटी भोकाच्या कडेवर कधीच ठोकली नसती, तिथे भोक होणार हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच भिंतीत उजवीकडे खांद्याच्या उंचीला एक ठिगळ होतं. हातभर लांबीचे दोन तुकडे खोबणीत बसवलेले, त्यांची टोकं कुऱ्हाडीने तोडलेली आणि कडेचं लाकूड काजळीने पार माखलेलं. हा जुना झरोका, धुराच्या काळातला, मागून बुजवलेला. दाराचे खांब वरच्या-खालच्या ओंडक्यांत कुसू घालून बसवले होते. तसा खांब सहसा भिंत रचतानाच बसतो, म्हणून दाराची जागा मूळची. उंची मात्र नाही. वरचा एक ओंडका नंतर अर्धा तासलेला होता आणि ताशीव भाग गोरा. कुणा उंच नातवाचं कपाळ पुरेसं सडकलं असावं.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या काळातले बदल बाहेरूनच दिसतात. पाणचक्कीच्या करवतींनी फळ्या स्वस्त झाल्या, ओंडक्यांवर फळ्यांचं आवरण चढलं, त्याला रंग लागला, आणि खिडक्या दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असाव्यात असं लोकांना वाटू लागलं. त्यासाठी कितीतरी धड खिडक्या दोन वीत सरकवल्या. पुढे स्विस धाटणीची लाट आली, मोठ्या काचा आल्या. याच काळात डॉक्टरही खिडक्यांत लक्ष घालू लागले. सार्वजनिक आरोग्याचा कायदा १८६० सालचा आणि क्षयरोगाचा १९०० सालचा. जुन्या शेतघरांतल्या पुष्कळ खिडक्या उघडतच नसत, काच चौकटीत कायमची बसवलेली. उजेडासाठी कापलेल्या भोकाकडे आता हवेसाठी पाहिलं जाऊ लागलं आणि बिजागऱ्यांचा खप वाढला.

याच सुमारास जुनी घरं गोळा करणारी माणसं निघाली. लिलहामरचा अँडर्स सान्विग हा दाताचा डॉक्टर. खोऱ्यात रोगी तपासत फिरायचा आणि येताना घरं विकत घेऊन यायचा. त्या संग्रहाचं मायहाउगेन हे संग्रहालय १९०४ साली उघडलं. या लोकांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत, ते नसते तर माझ्यासारखीला मोजायला फारसं उरलं नसतं. पण त्या पिढीला मूळ रूपाचं वेड होतं. घर हलवताना नाहीतरी ते ओंडका-ओंडका सुटतं. मग रचताना नंतरची खिडकी बुजवायची, धुराडं काढायचं, मधली चूल पुन्हा मांडायची, हा मोह आवरणं कठीण. यात दोनशे वर्षांचा संसार पुसला जातो. ज्या बाईने त्या खिडकीपाशी बसून सूत कातलं तिला त्या घरात जागा उरत नाही. व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेने पुढे स्पष्ट सांगितलं की वास्तूवर सगळ्या काळांनी जे सार्थ काम केलं त्याचा मान राखावा. तोवर बऱ्याच खिडक्या बुजल्या होत्या.

आज कायदा कडक आहे. १५३७ च्या आधीच्या वास्तू आपोआप संरक्षित. १८५० च्या आधीच्या घरात मोठा बदल करायचा तर नगरपालिकेने तो अर्ज प्रांताकडे पाठवावा लागतो. तरी सगळ्यात अवघड प्रश्न जुन्या खिडक्यांचा नाही, तो १९५०-६० च्या दशकांतल्या खिडक्यांचा आहे. तेव्हा 'हुस्मुर-विन्दू' म्हणजे गृहिणीची खिडकी निघाली: मध्ये एक मोठी सलग काच, कडेला हवेसाठी एक अरुंद झडप. महायुद्धानंतर देश सावरत होता, स्वयंपाकघरं नवी होत होती, गज पुसत बसायला कुणाला वेळ नव्हता. हजारो जुन्या घरांत उभ्या खिडक्या काढून या आडव्या बसल्या. नव्या सुतारांना पुष्कळदा बाइत्शीची सवय राहिली नव्हती. चौकट थेट ओंडक्यांच्या टोकांना खिळ्यांनी ठोकून मोकळे झाले.

वर सांगितलेल्या घराच्या स्वयंपाकघरात अशीच एक होती. बाहेर फळ्या निघाल्या तेव्हा खिडकीच्या बाजूची भिंत चार सेंटीमीटर बाहेर फुगलेली निघाली. सल्लागारांचं म्हणणं पडलं, ही खिडकी घालवा आणि अठराव्या शतकातल्या मापाच्या दोन उभ्या खिडक्या करा. घरमालकीण सत्तरीपुढची. ती म्हणाली, "माझ्या सासूने ही दुधाच्या पैशातून घेतली. इथून गोठ्याचं दार दिसतं. त्या दोन खिडक्यांतून दिसेल का?" नकाशावर पाहिलं तर दिसत नव्हतं, गोठ्याचं दार नेमकं दोन खिडक्यांमधल्या भिंतीआड जात होतं.

मी तिच्या बाजूने लिहिलं. वाईट बसवलेली म्हणून खिडकी खोटी ठरत नाही, बसवणं सुधारता येतं. सुताराने भिंत आवळून रोज थोडी थोडी आत घेतली, टोकांना जिभा काढून खोबणीचे खांब घातले आणि वर बोटभरच जागा सोडली, कारण ही भिंत केव्हाच बसून चुकली आहे. खालच्या कुजलेल्या ओंडक्याचा तुकडा बदलताना त्याने नवं पाइन वापरलं नाही. पडलेल्या एका कोठाराचा सुकलेला ओंडका आणला, म्हणजे तो आखडून फट पडणार नाही. प्रांताकडून मंजुरी आली, तिच्यात एक अट होती: जुनी काच तीच ठेवायची आणि लांबी लावायची तर जवसाच्या तेलाचीच. घरमालकिणीला अट मान्य होती. त्या लांबीचा आणि ती लावायला येणाऱ्या माणसाचा खर्च कुणी द्यायचा, यावर पुढचा अख्खा हिवाळा पत्रापत्री चालली.